कडू संत्र्यांचा जानेवारी

संक्रांत जवळ आली की एजवेअरच्या आमच्या भाजीवाल्याच्या दुकानाबाहेर, मेथीच्या जुड्यांशेजारी, एक खोकं येऊन बसतं. आत संत्री असतात, पण खरबरीत सालीची, कुठे काळा डाग पडलेली, कुठे देठाला अजून पान चिकटलेली. ज्याला माहीत नाही त्याने फक्त एक फोड तोंडात टाकून बघावी. सेव्हिलची कडू संत्री ती. इथली म्हातारी मंडळी त्यांचा मार्मलेड करतात, आणि ती जेमतेम काही आठवडेच मिळतात म्हणून पिशव्या भरभरून नेतात. मीही नेते. "बेन, मार्मलेड?" भाजीवाले भाई दरवर्षी विचारतात. "नाही, लोणचं," मी दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी ते मान हलवतात.

पिशवी हातात आली की सालीचा वास येतो, आणि वास आला की मला राग येतो. चांगला, खणखणीत, तब्येतीचा राग. वर्षभर ऑफिस, ट्रेन, घराचे हप्ते, सासरची लग्नं यांत तो मागे पडलेला असतो. जानेवारीत परत आला की मी त्याला ये, बस म्हणते. माणसाने विसरावं, मोठ्या मनाने सोडून द्यावं, असं मला पुष्कळांनी सांगून झालंय. ज्यांचं काही गेलेलं नाही त्यांनी जरूर मोठं मन ठेवावं. माझा एक अख्खा वसंत गेलाय, आणि तो कुणी घालवला हे मला नावागावासकट माहीत आहे.

युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या वर्षी मी एक्स्चेंजवर स्पेनला, सेव्हिलला गेले. बिझनेस विथ स्पॅनिश, अशी माझी डिग्री. रीडिंगसारख्या इंग्रज गावात वाढलेल्या मुलीला परदेशात जाण्याचं काय कौतुक, असं वाटेल. पण घर सोडून गेले ती पहिल्यांदाच. पुण्याहून आई-बाबांचं बोट धरून आले होते ते वेगळं. ते येणं होतं. हे जाणं होतं.

सेव्हिलला थंडी नसते अशी इकडे सगळ्यांची समजूत आहे. बाहेर नसते. बाहेर जानेवारीतही कोवळं ऊन असतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवीगार झाडं आणि त्यांवर लगडलेली संत्री, इतकी की खाली पडून फुटपाथवर फुटतात आणि बुटांना चिकटतात. थंडी असते ती घरात. तिथली घरं उन्हाळ्याला घाबरून बांधलेली. उंच छत, थंडगार फरशी, हीटिंगचा पत्ता नाही. आम्ही कोट घालून घरात शिरायचो आणि कोट काढून बाहेर जायचो.

घर रोसिओच्या आजीचं. आजी वारल्यावर रोसिओने तिथे आम्हा दोघांना खोल्या दिल्या, मला आणि राफाला. रोसिओ नर्सिंग शिकत होती, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. राफा इंजिनिअरिंगचा; लांबलचक, कायम कुडकुडणारा, डोक्यात विणलेली टोपी, आणि गावाकडच्या मैत्रिणीशी फोनवर चाललेलं न संपणारं भांडण. मी त्याच्या मसूरडाळीला एकदा जिरं-लसणाची फोडणी दिली. त्या दिवसापासून तो डाळ शिजवून फोडणीसाठी माझी वाट बघत बसायचा.

आणि त्या घरात ते टेबल होतं. गोल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड, आणि खाली पायांपाशी छोटासा हीटर. तिकडे जुन्या घरांतून असतंच असं टेबल. कामिया म्हणतात त्याला. खुर्चीत बसायचं, कापडाची कड उचलून मांडीवर ओढायची आणि पाय आत सोडायचे. कमरेखाली उन्हाळा, कमरेवर हिवाळा. आमचं सगळं आयुष्य त्या टेबलाभोवती चालायचं. अभ्यास, जेवण, राफाचं फोनवरचं भांडण, दुपारच्या डुलक्या. "या टेबलापाशी कुणी रुसून जात नाही," रोसिओ म्हणायची. "उठलं की पाय गारठतात."

आईला हे सगळं माहीत होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. मी रोज फोन करायचे, व्हिडिओवर तिला टेबल दाखवायचे, रोसिओ दाखवायचे, राफाही दाखवायचे. तो टोपी काढून "नमास्ते सेन्योरा" म्हणायचा आणि आई लाजून पदर नसलेल्या ड्रेसचा पदर सावरायची. टेबलावरचं कापड कसलं, घेर केवढा, हीटरने ते पेटत नाही का, सगळं तिने विचारून घेतलं होतं. "मला पण असं एक करून हवं," ती म्हणाली होती. आणि मग आवाज खाली आणून, "बाबांना त्या मुलाचं इतक्यात नको सांगायला. मी बघते कसं सांगायचं ते." आमच्या घरात गोष्टी अशाच पुढे सरकायच्या. आधी आईच्या पोटात, मग योग्य वेळ बघून बाबांच्या कानावर.

त्या दिवसांत महापालिकेची माणसं येऊन झाडांवरची संत्री उतरवायची. फांद्या हलवायची, खाली ढीग पडायचा, पोती भरून न्यायची. "यातली बरीच तुमच्याकडे जातात," रोसिओ मला डिवचायची. "तुम्ही इंग्रज ती साखर घालून खाता. आम्ही नाही हात लावत." मला कुणी इंग्रज म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी विचारलं, मग लावलीत कशाला इतकी झाडं? तेव्हा ती आणि राफा दोघं एकदम माझ्याकडे बघायला लागले, एखाद्या अडाण्याकडे बघावं तसे.

"फुलांसाठी," राफा म्हणाला. "मार्च येऊ दे. आख्खं शहर वासाने वेडं होतं. रात्री खिडकी उघडी ठेवलीस तर झोप येणार नाही."

त्या फुलांना त्यांच्याकडे वेगळाच शब्द आहे, आसाआर. पोस्टमन, बेकरीवाली, माझ्या प्रोफेसर बाई, ज्याच्याशी बोलावं तो हेच सांगायचा. मार्चपर्यंत थांब. तू अजून सेव्हिल पाहिलंच नाहीस. मी कोवळ्या फांद्या निरखून बघायचे, कुठे कळी दिसते का. एवढ्या आतुरतेने मी परीक्षेच्या निकालाचीही कधी वाट पाहिली नसेल.

मार्चच्या आधी नीलाकाकू आल्या.

नीलाकाकू म्हणजे रीडिंगमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या मुकुटमणी. हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, आणि गोड इतक्या बोलतात की इंजेक्शनची गरजच पडत नसावी. आईची इकडे आल्यापासूनची मैत्रीण. त्या आणि काका स्पेनच्या टूरवर आले होते, बरोबर धाकटी इरा, तेव्हा प्रायमरी स्कूलमध्ये असलेली. आईने त्यांच्याबरोबर तिळाच्या वड्या आणि मेतकूट पाठवलं होतं. काकू डबा घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांच्या गळ्यात पडले. आज ते आठवलं की स्वतःचाच गळा धरावासा वाटतो.

रोसिओने कॉफी केली. राफाने आपली खुर्ची काकूंना दिली, पण काकू कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसल्या, कोट न काढता. आम्ही तिघं टेबलाशी, पाय आत. इराने येता येता रस्त्यावरचं एक संत्रं उचलून आणलं होतं. ते तिने सोलून दातांनी तोडलं आणि असं काही तोंड केलं की राफा खुर्चीवरून पडायचा राहिला. मग त्याने तिला संत्री झेलायला शिकवलं. तीन संत्री हवेत, एक हातात. ती हसत होती. आम्ही सगळेच हसत होतो.

"थांबा हं, आईला पाठवते," काकू म्हणाल्या आणि फोन काढून त्यांनी आमचा फोटो घेतला. आम्हीही छान हसून फोनकडे बघितलं.

तो फोटो आईला आला नाही. तो आठवड्याभराने रीडिंगमध्ये, काकूंच्याच घरच्या हळदीकुंकवाला, पंधरा-वीस बायकांच्या हातांतून फिरला. तिळगूळ वाटून झाला होता, वर्षभर गोड बोलण्याचं एकमेकींना सांगून झालं होतं. आणि मग काकू म्हणाल्या, "सुषमा, मला काळजी वाटते म्हणून बोलते हो, नाहीतर मला काय करायचंय. पण सई तिथे एका मुलाबरोबर राहते हे तुला माहीत आहे ना? म्हणजे अक्षरशः एका पांघरुणात बसतात गं."

हे मला नंतर दोघीतिघींकडून कळलं, प्रत्येकीने पदरची भर घालून. फोटोत होतंही तसंच. ज्याने ते टेबल कधी पाहिलेलं नाही त्याला काय दिसणार. एक मुलगी, एक मुलगा, आणि दोघांच्या कमरेपर्यंत ओढलेलं एकच जाड कापड. रोसिओ कडेला होती. ती काकूंच्या बोटाआड गेली होती की फोटोच कापला होता, यावर आजही दोन मतं आहेत.

सगळ्याजणी आईकडे बघायला लागल्या. आणि आई, जिला त्या कापडाचा घेरसुद्धा माहीत होता, ती म्हणाली, "मला कल्पनाच नव्हती."

मी आईला त्या वाक्यासाठी दोष दिला नाही. तेव्हा दिला असेल, फार काळ नाही. आपल्या माणसांत एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत माहीत होणं वेगळं. पहिलीला सवड असते. दुसरीला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. बायकांच्या नजरा अंगावर असताना आईने हातात सापडलं ते वाक्य उचललं आणि मग ते तिला खाली ठेवता येईना. बाबांसमोरही तेच म्हणावं लागलं. माझ्यासमोरसुद्धा, फोनवर, बाबा शेजारी बसलेले असताना. पण तिला त्या नजरांसमोर कुणी उभं केलं? ते मी विसरलेले नाही.

"चार दिवस ये," असं सांगून मला बोलावलं. मी एक छोटी बॅग घेऊन निघाले. कोट, पुस्तकं, मेतकुटाचा डबा, सगळं त्या टेबलापाशी तसंच राहिलं. एअरपोर्टवर बाबा न्यायला आले होते. घरी आल्यावर म्हणाले, "तू कुठे राहिलीस याचा मला त्रास नाही. क्रिकेट क्लबात माणसं येऊन मला विचारतात, याचा आहे." पासपोर्ट त्यांच्या कपाटात गेला. माझ्या डिग्रीच्या नावातून स्पॅनिश गेलं, नुसतं बिझनेस राहिलं.

आणि गंमत म्हणजे राफा आणि माझ्यात काही म्हणता काही नव्हतं. डाळ होती, फोडणी होती. मला कधीकधी वाटतं, काहीतरी असायला हवं होतं. एवढी शिक्षा भोगायचीच होती तर तेवढी मजा तरी पदरात पडली असती.

मार्चमध्ये रोसिओचा व्हॉइस मेसेज आला. बाल्कनीत उभी राहून बोलत होती, मागे रस्त्याचा आवाज. "फुलं आली," ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोललीच नाही, जणू वास फोनमधून आत येईल म्हणून थांबली होती. मी रीडिंगच्या माझ्या खोलीत फोन नाकाशी धरून बसले होते. खोलीत कार्पेटचा आणि ओल्या छत्रीचा वास होता.

त्यानंतर मी सेव्हिलला गेलेली नाही असं नाही. रोसिओच्या लग्नाला गेले, ऑगस्टमध्ये. एकदा ऑक्टोबरात. मार्चमध्ये मात्र नाही. अमेयने, माझ्या नवऱ्याने, दोनदा तिकिटं बघितली. मी दोन्हीदा मोडता घातला. त्याला कारण सांगता येईना. कारण असं की एकदा तो वास मिळाला की मग मी कशावर रागवायचं? राग टिकवायला काहीतरी रिकामं ठेवावं लागतं.

त्याऐवजी मी लोणचं घालते. आईच्या ईडलिंबाच्या लोणच्याचीच रीत. फोडी करायच्या, मीठ लावून मुरत ठेवायच्या. जानेवारीत इथे ऊन कुठलं, तर बॉयलरच्या कपाटात ठेवायच्या. मग गूळ, तिखट, मेथी, हिंग. बिया एकूण एक काढाव्या लागतात, नाहीतर कडवटपणा उतरतो. आदल्या वर्षीचं मुरलेलं लोणचं मी दर संक्रांतीला वाण म्हणून लुटते. सगळ्यांना एकेक छोटी बरणी. काकूंची बरणी मी वेगळी भरते, आणि तिच्यात बिया तशाच ठेवते. मूठभर जास्तच टाकते. इतकी वर्षं काकू ते लोणचं खातात आणि फोन करून सांगतात, "सई, तुझं लोणचं म्हणजे ना, ॲब्सोल्यूटली डिव्हाइन. ती कडवट चव मला फार आवडते." माझ्या सुडाची ही गत.

"जाऊ दे गं," आई म्हणते. "तिचा स्वभाव आहे तो."

"माझाही आहे," मी म्हणते.

मग गेल्या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. इरा युनिव्हर्सिटीच्या एक्स्चेंजवर जाणार होती. कुठे, तर सेव्हिलला.

"तुझी ती मैत्रीण आहे ना तिथे? तिला सांग जरा लक्ष ठेवायला. आणि काही असलं तर तू मला कळव. यू नो व्हॉट आय मीन. हल्लीच्या मुली काय, विचारायलाच नको."

"कळवेन की काकू," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही इतका गोड होता.

इरा गेली आणि सगळं मला सांगू लागली, मी न विचारता. कुणाबरोबर राहते, कुणाच्या गावी ख्रिसमसला गेली, पुढचं वर्ष तिथेच राहायचं कसं मनात आहे. काय काय ते मी इथे लिहिणार नाही. मी नीलाकाकू नव्हे. "सईताई, आईला नको सांगू, प्लीज," ती म्हणते. "मी आईला एक सांगितलं की संध्याकाळपर्यंत होल ग्रुपला माहिती असतो. माझा पिरियड्स स्टार्ट झाला ना, तेव्हा पण सगळ्या काकूंनी मला हग केला. आय वॉज मॉर्टिफाइड." तिचं मराठी असंच आहे, अडखळतं, पण बोलते माझ्याशी मराठीतच, का कोण जाणे.

दर रविवारी काकूंचा फोन येतो. "काही कळलं का गं?" सगळं छान आहे काकू. "म्हणजे राहते कुणाबरोबर?" मैत्रिणी आहेत काकू. "अभ्यास करते ना?" खूप. फोन ठेवला की मी स्वतःसाठी एक चांगला चहा करते, आलं किसून. ज्या बाईला सगळ्यांचं सगळं माहीत असतं तिला स्वतःच्या मुलीचं काही माहीत नसावं, आणि ते सगळं माझ्या खिशातल्या फोनमध्ये असावं, हा आनंद कुठल्याही लोणच्यापेक्षा सरस आहे. मला लाज वाटत नाही. शोधून पाहिली, सापडली नाही.

या वर्षी हळदीकुंकू मी माझ्या घरी ठेवलं. आणि त्यासाठी एक टेबल करून घेतलं. गोल. हॅरोच्या एका सुताराने केलं. खाली हीटर बसवला, आणि वरचं कापड आईने शिवलं, दोन सोलापुरी चादरी जोडून. कशासाठी ते तिने विचारलं नाही. घेर मात्र न मोजता बरोबर आला.

हळदीकुंकवाच्या दोन दिवस आधी इराचा मेसेज आला. "आई येणार ना तुझ्याकडे? शी विल आस्क. काही सांगू नको. पण ती काय बोलते माझ्याबद्दल, ते मला सांग हां. आम्ही ख्रिसमसपासून बोललो नाही." सांगते म्हणाले.

रविवारी दुपारी बाहेर बर्फगार पाऊस. अमेयला मी जिमला पिटाळलं होतं. बायका आल्या, कोट काढले, साड्यांच्या निऱ्या झटकल्या. मी काकूंना हाताला धरून टेबलाशी नेलं, एका खुर्चीवर बसवलं, आणि कापडाची कड उचलून स्वतःच्या हाताने त्यांच्या मांडीवर घातली. दोन्ही बाजूंना आणखी चौघीजणी बसल्या. आई समोर.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "काय सुंदर ऊब आहे गं. हे कुठून आणलंस?"

"सेव्हिलला असतं काकू. तुम्ही पाहिलंय."

"मी?"

"माझ्या फ्लॅटवर आला होतात. आम्ही असेच बसलो होतो. तुम्ही फोटो काढला होतात." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. हातात हलव्याची वाटी होती. "मग हळदीकुंकवाला तो फोटो सगळ्यांना दाखवलात, आणि मी मुलाबरोबर एका पांघरुणात बसते म्हणालात. आणि मला परत यावं लागलं."

इतकी वर्षं मी हा क्षण मनात किती वेळा उभा केला होता. काकूंचा चेहरा पडेल, त्या सारवासारव करतील, रडतील, माफी मागतील, मी ती मागू देईन, मग देणार नाही. सगळ्याची तयारी होती.

काकूंनी भुवया जवळ आणल्या. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होत्या. "असं म्हणाले होते मी? कधी गं? मला नाही बाई आठवत."

त्या खोटं बोलत नव्हत्या. तेच तर. माझं जे सगळ्यात मोठं होतं ते त्यांच्या लेखी एका दुपारचं बोलणं होतं. बोलल्या आणि विसरल्या. मी जे जपून, झाकून, दर जानेवारीला हलवून ठेवलं होतं, त्याचं दुसरं टोक कुणाच्या हातातच नव्हतं. वाटी तिथेच टाकून वर जावं आणि दार लावून घ्यावं असं वाटलं.

"मला आठवतं," आई म्हणाली.

ती कापडाच्या शिवणीवरून बोट फिरवत होती. मान वर न करता बोलली, पण स्पष्ट. "आणि मी तेव्हा म्हणाले होते की मला कल्पना नव्हती. ते खोटं होतं. मला माहीत होतं. टेबल माहीत होतं, मुलगा माहीत होता. सई मला सगळं सांगायची. तुम्ही सगळ्याजणी बघत होतात म्हणून मी घाबरले."

हीटरचा बारीक आवाज येत होता. मी आईकडे बघू शकत नव्हते. बघितलं असतं तर रडले असते, आणि मला काकूंसमोर रडायचं नव्हतं.

काकूंनी हातातला तिळाचा लाडू ताटलीत ठेवला. मग म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात तो गोडवा नव्हता, "तुला सगळं सांगायची? नशीबवान आहेस सुषमा. इरा मला काहीच सांगत नाही."

पंधरा बायकांसमोर. कुणी न विचारता. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडंसं वाटलंही असेल, पण त्याच्या आधी जे वाटलं ते सांगते. पाय उबेत असताना वरून गार वारा लागावा तसं अंगभर वाटलं. मी त्यांच्या ताटलीत आणखी एक लाडू वाढला.

निघताना काकू दाराशी बूट घालत होत्या. वाणाची बरणी पर्समध्ये बसेना म्हणून हातातच धरली होती. बाकीच्या पुढे गेल्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला.

"सई, काही कळवू नकोस मला. नको. फक्त तिला एवढं सांग, आई विचारत होती. म्हणावं, रागवणार नाही, कुणाला सांगणार नाही. तिने फोन करावा. मी केला तर उचलत नाही ती."

"सांगेन हं काकू," मी म्हणाले.

पावसात त्या सावकाश गाडीपर्यंत गेल्या, बरणी छातीशी धरून. मी दार लावलं. आत आई ताटल्या गोळा करत होती. सोलापुरी कापड एका बाजूला ओढलं गेलं होतं, ते मी सरळ केलं आणि आम्ही दोघी पाय आत घालून बसलो. खूप वर्षांनी आम्ही अशा नुसत्या बसलो. आईने माझ्या हातावर हात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "दाराशी बोलत होती ते मी ऐकलं. इराला सांगशील ना?"

"सांगेन."

फोन टेबलावरच होता. तेवढ्यात तो उजळला. इरा. "आई काही म्हणाली का?"

मी उत्तर लिहिलं. "विशेष काही नाही गं. लोणचं आवडलं त्यांना."

स्वयंपाकघरात नव्या संत्र्यांची पिशवी तशीच होती. मी सुरी घेतली, फोडी करायला बसले, आणि या वेळी सगळ्याच बिया काढल्या, एकूण एक. पुढच्या वर्षीच्या काकूंच्या बरणीतही बी नसेल. त्याची आता गरज नाही.

निरोप मी देणार आहे. दिला नाही असं व्हायचं नाही. तिथे झाडांना फुलं आली, की देईन.